मर्ल हॅगार्डचा बॉब विल्स अल्बम: नेमकं काय धरून ऐकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही जॅझ मनापासून ऐकता, गिटार वाजवता, पण कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या गावाकडचं संगीत, म्हटलं की पुढचं गाणं लावता. मित्राने कंट्री गायक मर्ल हॅगार्डचा १९७० सालचा अल्बम दिला आणि ‘यात वेस्टर्न स्विंग, जॅझ आणि ब्लूजचं मिश्रण आहे’ असं सांगितलं. (वेस्टर्न स्विंग म्हणजे टेक्सास-ओक्लाहोमाकडे कंट्री आणि स्विंग जॅझ मिळून झालेलं नाचाचं संगीत.) दोन-तीनदा ऐकूनही तो कुठून पकडायचा ते उमगलं नाही. गिटारवर यातलं काय बसवावं आणि व्हायोलिन शिकणाऱ्या तुमच्या बहिणीला यात काही घेण्यासारखं आहे का, हेही विचारलं आहे.

मी टेक्सासमधल्या एका डान्स बँडमध्ये बरीच वर्षं ऱ्हिदम गिटार वाजवतो आहे. या अल्बममधली बरीच गाणी आम्ही आजही नाचणाऱ्या लोकांसमोर वाजवतो. त्यामुळे हे उत्तर वाजवणाऱ्याच्या बाजूने आहे, आणि त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो: सोलो ऐकायचे थांबवा. जॅझ ऐकणाऱ्या माणसाचे कान सवयीने सोलोकडे जातात, आणि या अल्बममध्ये सोलो आखूड आहेत, चार ओळींत आटोपणारे. तेवढ्यावर मोजमाप केलं तर हे संगीत हलकं वाटतं. त्याचा सगळा ऐवज खाली आहे, ठेक्यात. बास, ड्रम आणि ऱ्हिदम गिटार हे तिघं काय करतात ते कानाला लागलं की कंट्री कुठे संपलं आणि जॅझ कुठे सुरू झालं हा प्रश्नच गळून पडतो.

आता अल्बमबद्दल. त्याचं नाव लांबलचक आहे: ‘अ ट्रिब्यूट टू द बेस्ट डॅम फिडल प्लेअर इन द वर्ल्ड’, आणि पुढे जोडलेलं ‘ऑर, माय सॅल्यूट टू बॉब विल्स’. फिडल म्हणजे व्हायोलिनच, लोकसंगीतातलं नाव; आणि बॉब विल्स हा वेस्टर्न स्विंगचा सगळ्यात मोठा बँडप्रमुख. कॅपिटॉल कंपनीने तो १९७० मध्ये काढला, निर्माता अर्ल बॉल. गाणी बारा, सगळी बॉब विल्सच्या बँडने गाजवलेली. हॅगार्ड तेव्हा ३३ वर्षांचा होता आणि कंट्रीतल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक. हिप्पींची टर उडवणारं त्याचं गाणं ‘ओकी फ्रॉम मस्कोगी’ १९६९ मध्ये आलं होतं आणि देशभर त्यावरून वाद चालू होते. अशा वेळी कंपनीला त्याच पठडीतलं आणखी एक गाणं हवं असणार हे उघड आहे. हा माणूस मात्र ३०-४० वर्षांपूर्वीची नाचाची गाणी घेऊन स्टुडिओत गेला. नुसता गेला नाही, तर त्यासाठी काही महिने बसून फिडल शिकला आणि रेकॉर्डवर स्वतः वाजवलीही. ज्याच्या नावाने तिकिटं खपतात अशा गायकाने नवं वाद्य हातात घेऊन जुन्या वादकांच्या रांगेत उभं राहावं, याचं मला फार मोल वाटतं.

हॅगार्डचं घराणं ओक्लाहोमाचं. दुष्काळाच्या आणि मंदीच्या काळात हजारो कुटुंबं कॅलिफोर्नियात उतरली, त्यांतलं एक. बेकर्सफील्डजवळच्या ऑइलडेलमध्ये रेल्वेच्या जुन्या मालडब्याचं घर करून ही मंडळी राहत होती, तिथे १९३७ मध्ये मर्ल जन्मला. वडील लहानपणीच गेले, पोरगा वाया गेला, चोऱ्यामाऱ्या करत सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात पोचला, १९६० मध्ये सुटला. कॅलिफोर्नियातल्या या ओक्लाहोमा-टेक्सासवाल्यांचं संगीत म्हणजे बॉब विल्स. १९४० च्या दशकात विल्सने आपला मुक्काम कॅलिफोर्नियात हलवला तो याच श्रोत्यांसाठी. शेतात आणि कारखान्यांत राबणारे हे लोक शनिवारी रात्री हजारोंनी नाचायला येत. हॅगार्डच्या कानावर हे संगीत रेडिओवरून आणि आजूबाजूच्या हॉलमधून पडत आलेलं होतं.

बॉब विल्स १९०५ मध्ये टेक्सासात कोसी गावाजवळ जन्मला. वडील फिडलर, आजोबा-मामा-काका सगळीकडे फिडलच. पण त्याचं दुसरं शिक्षण कापसाच्या शेतात झालं. तिथे काळे मजूर शेजारच्या सरीत काम करत, गात. त्यांच्या मुलांबरोबर तो वाढला. बेसी स्मिथचं गाणं ऐकायला आपण घोड्यावरून ५० मैल गेलो होतो, असं तो पुढे सांगायचा. म्हणजे एका हातात बापाची खेड्यातली फिडल आणि कानात ब्लूज, हे दोन्ही त्याला पोरवयातच मिळालं. १९३१ मध्ये फोर्ट वर्थच्या एका पिठाच्या गिरणीने आपल्या पिठाची जाहिरात करायला रेडिओवर बँड बसवला, ‘लाइट क्रस्ट डोबॉइज’. त्यात विल्स फिडलवर आणि मिल्टन ब्राउन गायनाला. दोघंही लवकरच बाहेर पडले. ब्राउनने ‘म्युझिकल ब्राउनीज’ काढला, पण १९३६ मध्ये तो अपघातानंतर वारला. विल्स १९३४ मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरी आला, केव्हीओओ रेडिओवर दुपारचा कार्यक्रम आणि केन्स नावाच्या हॉलमध्ये रात्रीचा नाच असं त्याचं बस्तान बसलं. बँडचं नाव ‘टेक्सास प्लेबॉइज’.

विल्सने काय केलं ते वाजवणाऱ्याच्या भाषेत सांगतो. गावाकडच्या तंतुवाद्यांच्या बँडमध्ये ड्रम नसायचे. त्याने १९३५ मध्ये स्मोकी डेकस नावाचा ड्रमर ठेवला. शिवाय ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट घेतले. पियानोवर अल स्ट्रिकलिन, स्टील गिटारवर लिऑन मॅकॉलिफ. कारण साधं होतं. नाचायला आलेल्या लोकांना रेडिओवर बेनी गुडमन आणि काउंट बेसी ऐकायची सवय लागली होती, आणि त्यांना तोच जोर हवा होता, पण आपल्या ओळखीच्या सुरावटीत. विल्सकडे दोन्ही होतं. नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमात ड्रम चालत नसत. १९४४ च्या शेवटी तिथे जायची वेळ आली तेव्हा विल्स ड्रमसकट गेला. ‘आम्ही हे एकत्र केलं’ असं त्या माणसांच्या मनातही नसावं. एका रात्रीत वॉल्ट्झ, ब्लूज, पोल्का आणि त्या वर्षीचं सिनेमातलं गाणं, असं सगळं वाजवावं लागे; नाही वाजवलं तर लोक दुसऱ्या हॉलला जात. या चीजा वेगवेगळ्या कप्प्यांत गेल्या त्या रेकॉर्ड विकणाऱ्यांच्या सोयीसाठी.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. ज्या काळ्या माणसांचं संगीत या ठेक्याच्या मुळाशी आहे, त्यांना त्या हॉलमध्ये नाचायला प्रवेश नव्हता. टल्सातली ग्रीनवुड ही काळ्यांची भरभराटीची वस्ती गोऱ्या जमावाने १९२१ मध्ये जाळली. विल्स त्या शहरात आला तो त्यानंतर १३ वर्षांनी. ‘टेक मी बॅक टू टल्सा’ हे या अल्बममधलं शेवटचं गाणं. १९४१ च्या मूळ रेकॉर्डमध्ये त्यात एक ओळ आहे: कापूस काळा माणूस पिकवतो आणि पैसे गोरा घेतो, या आशयाची, आणि काळ्या माणसासाठी शब्दही हिणकस वापरलेला. पुढे ती ओळ बदलून गायली जाऊ लागली. मला ती ओळ मजुरांच्याच तोंडची वाटते, शेतातून उचललेली. गाणं आनंदी आहे, ठेका उड्या मारणारा आहे, आणि मध्येच हे एवढं कडू सत्य बोलून ते पुढे निघून जातं. आम्ही हे गाणं वाजवतो तेव्हा मला दर वेळी ते जाणवतं.

गाण्यांची मुळं पाहिली तर ‘मिश्रण’ म्हणजे काय ते आपोआप कळेल. ‘ओल्ड फॅशन्ड लव्ह’ हे जेम्स पी. जॉन्सनचं. होय, तोच स्ट्राइड पियानोवाला, फॅट्स वॉलरचा गुरू. १९२३ च्या ‘रनिन वाइल्ड’ या ब्रॉडवेवरच्या काळ्या कलाकारांच्या नाटकातलं हे गाणं. ‘चार्ल्सटन’ही त्याच नाटकातलं. ‘कोरीन, कोरीना’ बो कार्टरने १९२८ मध्ये रेकॉर्ड केलेलं मिसिसिपीचं गाणं. ‘ब्रेन क्लाउडी ब्लूज’ची मुळं कोकोमो अर्नल्डच्या ‘मिल्क काउ ब्लूज’मध्ये. ‘राइट ऑर राँग’ १९२१ चं बाजारातलं चालू गाणं. ते एमेट मिलरने १९२९ मध्ये म्हटलं, विल्सच्या बँडने १९३६ मध्ये आणि पुढे १९८४ मध्ये जॉर्ज स्ट्रेटने ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. ‘सॅन अँटोनिओ रोझ’ विल्सची स्वतःची. आधी १९३८ मध्ये नुसती वाद्यांवर, मग १९४० मध्ये शब्दांसह, आणि लगेच बिंग क्रॉस्बीने म्हटली तेव्हा देशभर झाली. म्हणजे कंट्रीचा म्हणून तुम्हाला दिलेल्या या अल्बममध्ये हार्लेमचा पियानोवादक आहे, दक्षिणेतले ब्लूजवाले आहेत आणि न्यूयॉर्कच्या गाणी छापणाऱ्या दुकानांतला मालही आहे.

आता वादक. हॅगार्डचा स्वतःचा बँड ‘द स्ट्रेंजर्स’ होताच: गिटारवर रॉय निकल्स, पेडल स्टीलवर नॉर्म हॅम्लेट, ड्रमवर बिफ अ‍ॅडम. त्यांच्या जोडीला त्याने विल्सचे सहा जुने प्लेबॉय बोलावले. फिडलवर जॉनी गिंबल आणि जो हॉली, मँडोलिनवर टायनी मूर, गिटारवर एल्डन शॅम्बलिन, ट्रम्पेटवर अ‍ॅलेक्स ब्रॅशियर आणि बँजोवर विल्सचा धाकटा भाऊ जॉनी ली विल्स. या संगीताचे दिवस १९५० च्या दशकातच सरले होते. रॉक अँड रोल आणि टेलिव्हिजनने नाचाचे हॉल रिकामे केले. म्हणून नव्या पोरांकडून घोटून घेण्याऐवजी ज्यांनी ते मुळात घडवलं त्यांनाच बसवायचं, हा हॅगार्डचा निर्णय या अल्बमचा कणा आहे.

यांतल्या एका माणसाकडे मी तुम्हाला मुद्दाम नेतो, कारण तुम्ही गिटार वाजवता. एल्डन शॅम्बलिन १९३७ मध्ये विल्सकडे आला. तो सोलोसाठी प्रसिद्ध नाही. बँडचे सगळे साज बसवायचा, आणि ऱ्हिदम अशी वाजवायचा की तिच्यातच एक चालती बास-ओळ असे. साधा गिटारवादक जी कॉर्ड आली की चार मात्रा तीच कॉर्ड मारतो. शॅम्बलिन जवळजवळ दर मात्रेला कॉर्डचं रूप बदलतो, आणि तरी गायकाला काही अडत नाही. फेंडरने १९५४ मध्ये बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरची सोनेरी रंगाची एक सुरुवातीची गिटार लिओ फेंडरने स्वतः त्याला दिली होती.

हे हातावर आणायचं असेल तर एवढं करा. सहावी, चौथी आणि तिसरी, एवढ्या तीनच तारा वापरा; खालचे आकडे फ्रेटचे आहेत, तारांच्या याच क्रमाने. पाचवी तार बोटाच्या कडेने बंद ठेवा, वरच्या दोन वाजू देऊ नका. पहिल्या मात्रेला जी: सहाव्या तारेवर ३, चौथीवर २, तिसरीवर ४. दुसऱ्या मात्रेला तीच जी पण खाली बी: ७, ५, ७. तिसरीला सी: ८, ७, ९. चौथीला सी-शार्प डिमिनिश्ड: ९, ८, ९. पुढच्या समेला परत जी, खाली डी: १०, ९, १२. सहाव्या तारेवर जी, बी, सी, सी-शार्प, डी अशी चढती ओळ तयार झाली, कॉर्ड मात्र कागदावर अजून जी-च आहे. आता महत्त्वाचं: डावा हात. स्ट्रोक मारला की पकड लगेच सैल करा. बोटं तारेवरच राहू द्या, फक्त दाब काढा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला आवाज थोडा टिकू द्या, दुसऱ्या आणि चौथीला तो तोडा. दुसऱ्या-चौथीला ड्रमर स्नेअरवर जे करतो तेच तुमचा डावा हात करत असतो. आधी मेट्रोनोम फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला वाजेल असा लावा, ९० पासून सुरुवात करा. सोपं वाटेल, पण तीन मिनिटं न हलता वाजवून बघा.

लय झुलती आहे, हे जॅझ ऐकणाऱ्याला सांगायला नको. मात्रेचे तीन समान भाग पाडा, पहिल्या दोन भागांवर एक स्वर, तिसऱ्यावर दुसरा. पण बासकडे नीट लक्ष द्या. गायक गात असताना बास बहुधा फक्त पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला असतो, मूळ स्वर आणि त्याचा पंचम. सोलो सुरू झाला की तोच बास चारही मात्रांवर चालायला लागतो. बासच्या या एका बदलाने खोलीतली हवा बदलते. नाचणारी जोडपी तिथे पावलं लहान करतात आणि फिरायला लागतात. स्टेजवरून हे रोज दिसतं. अल्बम ऐकताना एकदा सगळं सोडून फक्त हाच बदल कुठे होतो ते शोधा. सुरुवात ‘स्टे अ लिटल लाँगर’पासून करा, लयीचा अंदाज येईल, मग ‘राइट ऑर राँग’, आणि त्यानंतरच ‘ब्रेन क्लाउडी ब्लूज’.

मराठी कानाला हा झुलता ठेका परका नाही, हेही लक्षात घ्या. सी. रामचंद्रांची १९५१ च्या ‘अलबेला’तली नाचाची गाणी आपल्या घरोघरी वाजली. त्यांच्या मागे गोव्याचे वादक होते, ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्यांत अग्रणी, आणि ती मंडळी मुंबईच्या हॉटेलांतल्या डान्स बँडमध्ये रात्री स्विंग वाजवून दिवसा स्टुडिओत येत. पुणतांब्याचा संगीतकार, गोव्याचा ट्रम्पेटवाला आणि अमेरिकेतला ठेका. टल्सात जे नाचाच्या गरजेतून झालं तेच मुंबईत थोड्या वेगळ्या वाटेने झालं. ‘शोला जो भडके’ ऐकून मग लगेच ‘टेक मी बॅक टू टल्सा’ ऐका. साज वेगळा, भाषा वेगळी, पण पाय एकाच जागी पडतो.

टायनी मूरची मँडोलिन वेगळी ऐकायला हवी. नेहमीच्या मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात. मूर वाजवायचा ती विजेवर चालणारी, पाच एकेरी तारांची. १९५२ मध्ये पॉल बिग्सबीने त्याच्यासाठी घडवलेली. जोड्या नसल्यामुळे तिचा आवाज गिटारसारखा जाड येतो आणि खालची पाचवी तार तिला व्हायोलाच्या पट्ट्यापर्यंत नेते. तुम्हाला तो जॅझ गिटारचा सोलो वाटला असेल, तर कान बरोबर आहेत: मूरची वाक्यं त्याच काळच्या जॅझ गिटारवाल्यांच्या बोलीतली आहेत. काळा जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन ओक्लाहोमा सिटीतच वाढला, हे विसरू नका. एकाच भागातली, एकाच दशकातली माणसं. फरक फक्त कुणाला कोणत्या दारातून आत घ्यायचे याचा होता.

हॅगार्डच्या गाण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. विल्सचा गायक टॉमी डंकन फार मोठा होता. शब्द सहज सोडून द्यायचा, जणू बोलतो आहे. त्याची नक्कल करणारे गायक मी पुष्कळ ऐकले, आणि ते सगळे खोटे वाटतात. हॅगार्ड नक्कल करत नाही. खालच्या पट्टीत गातो, शब्द समेच्या किंचित मागे ठेवतो आणि ओळीचा शेवट ओढत नाही. ‘टाइम चेंजेस एव्हरीथिंग’ डंकनचं स्वतःचं गाणं. हॅगार्ड ते म्हणतो तेव्हा त्यात तुरुंगातून आलेल्या माणसाचा जडपणा आहे, आणि तरी ठेका हलत नाही. मध्येच तो विल्ससारखी हाळी देतो, वादकाचं नाव घेऊन त्याला पुढे बोलावतो. विल्सच्या रेकॉर्डवर ही हाळी म्हणजे बँडला दिलेला हुकूम असायचा: कुणी केव्हा सोलो घ्यायचा ते आधी ठरलेलं नसे, विल्स धनुकलीने दाखवायचा आणि त्या माणसाने वाजवायचं. हॅगार्डच्या तोंडी ती आदराने येते.

या आदरामुळेच अल्बमची एक मर्यादाही तयार होते, आणि तुम्ही जॅझवाले असल्यामुळे ती तुम्हाला जाणवणारच. गाणी अडीच-तीन मिनिटांत संपतात. विल्सच्या बँडला मोकळं सोडलं की काय व्हायचं ते कळायला त्यांनी १९४० च्या दशकाच्या मध्याला कॅलिफोर्नियात रेडिओसाठी केलेली ‘टिफनी ट्रान्स्क्रिप्शन्स’ ऐका. तिथे वादक धोका पत्करतात, चुकतात, सावरतात. हॅगार्डच्या अल्बममध्ये सगळे जण थोडे जपून आहेत. ‘सॅन अँटोनिओ रोझ’ मला फार सरळ वाटते. सॅक्सोफोनचा ताफा नाही, त्याची उणीव ‘ओल्ड फॅशन्ड लव्ह’मध्ये भासते. पण या अल्बमने जे केलं ते मोकळ्या सोलोंपेक्षा मोठं होतं. कंट्रीच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि अडगळीत पडलेलं हे संगीत ऐकणारी एक नवी पिढी तयार झाली. ‘अस्लीप अ‍ॅट द व्हील’सारखे बँड याच सुमाराला उभे राहिले आणि त्यांचा पहिला अल्बम १९७३ मध्ये आला. मूर आणि शॅम्बलिन पुढे हॅगार्डच्याच बँडमध्ये वाजवू लागले.

विल्सला १९६९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला होता. त्यानंतर त्याला फिडल वाजवता आली नाही. १९७३ च्या डिसेंबरमध्ये डॅलसला जुने प्लेबॉय पुन्हा जमले, ‘फॉर द लास्ट टाइम’ हा अल्बम करायला. विल्स चाकाच्या खुर्चीतून पहिल्या दिवशी आला, हाळ्याही दिल्या. त्या रात्री त्याला पुन्हा झटका आला आणि तो शुद्धीवर आलाच नाही. १९७५ मध्ये गेला. हॅगार्ड त्या रेकॉर्डिंगलाही गायला होता. हॅगार्डच्या १९७० च्या अल्बमनंतर ‘फॉर द लास्ट टाइम’ लगेच ऐका, कारण गिंबल आणि शॅम्बलिन तिथेही आहेत आणि तिथे ते जपून वाजवत नाहीत.

हॅगार्डचं आणखी ऐकायचं असेल तर १९७३ चा न्यू ऑर्लिन्समध्ये लोकांसमोर केलेला ‘आय लव्ह डिक्सी ब्लूज’ घ्या. तिथे त्याच्यामागे डिक्सीलँडची, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझची, पितळी वाद्यं आहेत आणि एमेट मिलरची गाणी आहेत. मिलर चेहरा काळा रंगवून रंगमंचावर येणारा गोरा गायक होता; तो वारसा आज अवघड वाटतो आणि वाटायलाच हवा. पण आवाज मध्येच फोडून वर नेण्याची त्याची पद्धत डंकनपासून हॅगार्डपर्यंत कशी आली, ते या अल्बममध्ये स्वच्छ ऐकू येतं. कंट्री गायक विली नेल्सनने ‘अस्लीप अ‍ॅट द व्हील’बरोबर २००९ मध्ये ‘विली अँड द व्हील’ केला, तोही चांगला आहे. विलीची लय ठेक्यापासून फार लांब भटकते, त्यामुळे सुरुवातीला तो नको. ठेका पक्का झाल्यावर तीच भटकंती मजेची वाटेल.

राहिली तुमची बहीण. ती हिंदुस्तानी पद्धतीने व्हायोलिन शिकते असं लिहिलं आहे, म्हणजे मींड तिच्या हातात आहे. जॉनी गिंबल स्वराकडे खालून घसरत येतो, ते तिला पटकन साधेल. अडचण दोन ठिकाणी येईल. एक म्हणजे धनुकली: इथे लांब धनुकलीत तीन-चार स्वर बांधायचे आणि एक सुटा सोडायचा, आणि तो सुटा स्वर अनेकदा ऑफबीटवर येतो, त्यामुळे जोर उलट्या जागी पडतो. हे हळू लयीत शिकावं लागतं. दुसरं, दोन-तीन फिडल एकत्र हार्मनीत वाजतात तेव्हा प्रत्येकाने घसरण एकाच क्षणी सुरू करून एकाच क्षणी थांबवायची असते. एकट्याने वाजवायची सवय असलेल्याला हे जड जातं. तिने ‘फेडेड लव्ह’पासून सुरुवात करावी. हे गाणं या अल्बममध्ये नाही, पण विल्सच्या सगळ्यात ओळखीच्या गाण्यांपैकी ते एक, संथ आहे आणि फिडलच्या जोडीसाठीच जणू केलेलं. मुख्य सूर तिने आधी रेकॉर्ड करून ठेवावा आणि मग त्यावर वरचा सूर वाजवावा. आणि त्याआधी सा-प-सा-प मध्ये लावलेल्या तारा सोडून व्हायोलिन जी, डी, ए, ई अशी लावून घ्यावी. नाहीतर गिंबलची बोटं तिच्या बोटांखाली सापडणार नाहीत.